यिनहुआ : एका चिनी नावाचा अर्थ

१९४२ सालच्या ऑगस्ट महिन्यात उत्तर चीनमधील हपेई प्रांताच्या डोंगराळ भागात एका मुलाचा जन्म झाला. जपानी सैन्याविरुद्ध चाललेल्या युद्धाचे ते सहावे वर्ष होते. मुलाची आई ग्वो छिंगलान ही परिचारिकांना शिक्षण देण्याचे काम करीत असे. वडील होते सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. मुलाचे नाव ‘यिनहुआ’ असे ठेवण्यात आले.

या नावाचा अर्थ ‘भारत-चीन’ असा होतो. डॉ. कोटणीस यांच्या चरित्रांत ही माहिती बहुधा एका वाक्यात येते आणि वाचक पुढे जातो. परंतु चिनी भाषेत नाव कसे घडते, त्यामागे कोणत्या रूढी असतात आणि त्यांतील किती रूढी या एका नावाने बाजूला सारल्या, हे समजल्याखेरीज त्या वाक्याचे महत्त्व पुरतेपणी ध्यानात येत नाही. म्हणून प्रथम चिनी नामकरणाची पद्धती पाहणे उचित होईल.

नाव निवडणे आणि नाव घडवणे

मराठी कुटुंबात मुलाचे नाव सामान्यतः निवडले जाते. राम, विठ्ठल, शांताराम, द्वारकानाथ अशी नावे आधीपासून अस्तित्वात असतात. त्यांतील एक नाव देवावरून, पूर्वजावरून किंवा जन्मनक्षत्राच्या आद्याक्षरावरून पसंत केले जाते. चिनी कुटुंबात नाव बहुतांशी घडवले जाते. तेथे नावांचा ठरीव साठा नाही. भाषेतील हजारो अक्षरांपैकी कोणतेही एक किंवा दोन योग्य शब्द घेऊन नवे नाव तयार करता येते. चिनी लिपीतील प्रत्येक अक्षराला स्वतःचा अर्थ असल्यामुळे असे नाव म्हणजे एक अत्यंत आखूड वाक्यच असते.

नावाचा क्रमही उलट असतो. आडनाव प्रथम येते आणि ते बहुधा एकाक्षरी असते. त्यानंतर एका किंवा दोन अक्षरांचे व्यक्तिनाव येते. ‘माओ त्से-तुंग’ या नावात माओ हे आडनाव आहे. त्यातील ‘त्से’ हे अक्षर पिढीदर्शक आहे. जुन्या घराण्यांत एका पिढीतील सर्व भावांच्या नावांत एक अक्षर समान ठेवण्याची चाल होती. त्यानुसार माओंच्या दोन भावांची नावे त्से-मिन आणि त्से-तान अशी होती. नाव ऐकताच माणूस कोणत्या घराण्याच्या कोणत्या पिढीतला आहे हे जाणकाराला कळत असे.

मुलग्यांच्या नावांत बळ, तेज, विद्या, पराक्रम आणि देशसेवा या अर्थांची अक्षरे विशेष आढळतात. मुलींच्या नावांत फुले, सुगंध आणि सौंदर्य यांचे प्राबल्य असते. यिनहुआच्या आईच्या ‘छिंगलान’ या नावातील ‘छिंग’ म्हणजे उत्सव किंवा आनंद साजरा करणे आणि ‘लान’ म्हणजे ऑर्किडचे फूल. तथापि ही विभागणी काटेकोर नाही. ‘हुआ’ हे अक्षर स्त्री आणि पुरुष दोघांच्याही नावांत येते.

ज्योतिषाचा विचार चिनी कुटुंबांतही होतो. धातू, काष्ठ, जल, अग्नी आणि पृथ्वी या पाच तत्त्वांपैकी ज्या तत्त्वाची उणीव जन्मवेळेत दिसेल ते अक्षररूपाने नावात घालून भरून काढतात. लू शून यांच्या ‘माझे जुने घर’ या कथेतील शेतकऱ्याचे नाव रुनथू असे आहे. ‘रुन’ म्हणजे अधिक मास, कारण त्याचा जन्म अधिक महिन्यात झाला होता. ‘थू’ म्हणजे माती, कारण त्याच्या वाट्याला पृथ्वीतत्त्व कमी आले होते. मूल जगावे म्हणून त्याला मुद्दाम ओंगळ नाव देण्याची समजूतही तेथे आढळते. कुत्र्यानेसुद्धा टाकून दिलेले अशा अर्थाची लाडाची नावे चिनी खेड्यांत होती. ज्या महाराष्ट्राने आपल्या मुलांना धोंडू, दगडू, केरू अशी नावे ठेवली, त्याला या समजुतीचे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही समाजांच्या रूढी परस्परविरुद्ध आहेत. महाराष्ट्रात आजोबांचे नाव नातवाला देणे हा आजोबांचा सन्मान समजला जातो. चिनी परंपरेत तो अवमान ठरतो. वडीलधाऱ्यांच्या नावातील अक्षर मुलाच्या नावात येऊ न देणे हा तेथील शिष्टाचार होता, आणि सम्राटाच्या नावातील अक्षर तर प्रजेने लिहिणेही टाळावे असा दंडक होता. चौथ्या शतकातील विख्यात सुलेखनकार वांग शीची आणि त्यांचे पुत्र वांग श्येनची यांच्या नावांत ‘ची’ हे अक्षर समान आहे. परंतु अशी उदाहरणे अपवाद म्हणूनच सांगितली जातात.

‘कोटणीस’चे ‘के दिहुआ’ कसे झाले

यिनहुआच्या नावाचा उलगडा करण्यासाठी त्याच्या वडिलांचे चिनी नाव आधी समजून घ्यावे लागते.

१९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी चू तेह यांनी वैद्यकीय साहाय्यासाठी जवाहरलाल नेहरूंना विनंती केली. सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना, १९३८ मध्ये, पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवण्यात आले. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे. कोटणीसांचे वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयात झाले होते आणि त्यावेळी ते २७ वर्षांचे होते. १ सप्टेंबर १९३८ रोजी पथकाने मुंबई बंदर सोडले.

कॅन्टन आणि हान्कोमार्गे हे पथक चुंगकिंगला पोहोचले. तेथील मुक्कामात कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता मिळाली. परत जाण्याची मुभा असूनही ते गेले नाहीत. चुंगकिंगमध्येच त्या पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. ती देणारे तान युन-शान हे रवींद्रनाथांच्या विश्वभारतीतील चीन भवनाचे प्रमुख होते. दोन्ही संस्कृतींची त्यांना जवळून ओळख होती.

परदेशी नावाचे चिनी रूप दोन प्रकारे करता येते. पहिल्या प्रकारात मूळ नावाचे उच्चार जुळतील अशी अक्षरे एकापुढे एक मांडतात. त्यामुळे नाव लांब होते आणि ते परक्याचे आहे हे ऐकताक्षणी कळते. दुसऱ्या प्रकारात मूळ नावातील एकदोन ध्वनी घेऊन अस्सल चिनी वळणाचे तीन अक्षरी नाव बनवतात. तान युन-शान यांनी दुसरा मार्ग स्वीकारला आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘हुआ’ म्हणजे ‘चीन’ हे अक्षर जोडले. अटल हे ‘आय देहुआ’ झाले, चोळकर ‘चुओ केहुआ’, बसू ‘बा सुहुआ’, मुखर्जी ‘मु केहुआ’ आणि कोटणीस ‘के दिहुआ’. यांतील ‘आय देहुआ’ ही अक्षरे एडवर्ड या इंग्रजी नावासाठीही वापरली जातात, हा एक योगायोग. पाच निराळ्या माणसांच्या नावांत एकच अक्षर आल्यामुळे, पिढीदर्शक अक्षराची चाल ओळखणाऱ्या चिनी माणसाला ते पाच भाऊ वाटणे स्वाभाविक होते.

कोटणीस हे आडनावही प्रवास करून आलेले आहे. चिटणीस, फडणीस, पोतनीस यांतील ‘नीस’ हा फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा या शब्दाचा अवशेष होय. कोटाचा लेखनिक तो कोटणीस. त्या शब्दाचा पहिला ध्वनी घेऊन ‘के’ हे आडनाव बनले. ते चीनमधील जुन्या आडनावांपैकी एक असून त्या अक्षराचा अर्थ झाडाची फांदी किंवा कुऱ्हाडीचा दांडा असा आहे. ‘दि’ हे पांढऱ्या फुलांच्या एका वृक्षाचे नाव. चिनी भाषेतील सर्वांत प्राचीन काव्यसंग्रहात, ‘शी चिंग’मध्ये, या वृक्षाच्या फुलांवरून आरंभ होणारे एक गीत भावाभावांच्या प्रेमाविषयी आहे. तेव्हापासून ते फूल बंधुत्वाचे प्रतीक ठरले. जुन्या पत्रव्यवहारात ‘धाकटा भाऊ’ या शब्दाऐवजी आदराने हेच ‘दि’ अक्षर लिहिण्याची पद्धत होती. त्यामुळे ‘दिहुआ’ हे नाव वाचताना सुशिक्षित चिनी वाचकाला ‘चीनचा बंधू’ असा अर्थ सहज जाणवतो.

जानेवारी १९४१ मध्ये के दिहुआ हे डॉ. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून १९३९ मध्ये त्याच युद्धक्षेत्रात मरण पावले होते आणि रुग्णालयाला त्यांचे नाव देण्यात आले होते. सैनिक आणि गावकरी कोटणीसांना ‘के दायफू’ म्हणत. ‘दायफू’ म्हणजे वैद्य. कोटणीस चिनी बोलायला आणि लिहायला शिकले होते. नाव केवळ कागदावर न राहता त्याला हाक आली आणि त्या हाकेला उत्तर देणारा माणूसही तयार झाला. नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचा ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह झाला.

‘यिन’ आणि ‘हुआ’

आता मुलाच्या नावाकडे वळता येईल.

‘यिन’ या अक्षराचा मूळ अर्थ शिक्का, मुद्रा असा आहे. त्यावरून छापणे, ठसा उमटवणे हे अर्थ निघाले. भारताशी या अक्षराचा संबंध अर्थामुळे नसून उच्चारामुळे जुळला. प्राचीन चिनी ग्रंथांत भारताला ‘शेन्दू’, ‘थ्येनचू’ अशी निरनिराळी नावे होती. सातव्या शतकात ह्युएन त्संग भारतात येऊन गेला. आपल्या प्रवासवृत्तांतात त्याने ही नावे चुकीची ठरवून ‘यिनदू’ हे रूप योग्य असल्याचे सांगितले. त्याने त्याचा अर्थ ‘चंद्र’ असा दिला, म्हणजेच संस्कृतमधील ‘इंदु’. बुद्धरूपी सूर्य मावळल्यानंतर या देशातील ज्ञानी पुरुषांनी चंद्राप्रमाणे जगाला प्रकाश दिला, असे त्याचे स्पष्टीकरण होते. आजचे भाषाशास्त्रज्ञ या नावाचे मूळ ‘सिंधु’ शब्दात शोधतात. तथापि ह्युएन त्संगने मान्य केलेले ‘यिनदू’ हेच भारताचे चिनी नाव आजही रूढ आहे, आणि ‘यिन’ हे त्याचे संक्षिप्त रूप आहे.

‘हुआ’ या अक्षराचे मूळ अर्थ फूल, शोभा, वैभव असे आहेत. फार पूर्वीपासून चिनी लोक स्वतःच्या संस्कृतीला ‘हुआ’ म्हणत आले. ज्याला भारतीय भाषा ‘चीन’ म्हणतात त्या देशाचे त्याच्या स्वतःच्या भाषेतील नाव ‘चुंगक्वो’ म्हणजे मध्यदेश असे आहे. औपचारिक नावात ‘चुंगहुआ’ हा शब्द येतो. ‘यिनहुआ’तील ‘हुआ’ तो हाच.

या नावाच्या उच्चाराबाबत थोडी दक्षता घ्यावी लागते. चिनी भाषेत स्वराच्या चढउताराने शब्दाचा अर्थ बदलतो. मुलाच्या नावात ‘यिन’ उतरत्या स्वरात आणि ‘हुआ’ चढत्या स्वरात म्हणतात. शिवाय ‘हुआ’ची दोन अक्षरे न करता ‘ह्वा’सारखा एकच उच्चार करावयाचा असतो. स्वर चुकला तर काय होते हे जयपूरच्या उदाहरणाने समजेल. जयपूरजवळील सांगानेर आणि बगरू येथील छीपा कारागीर लाकडी ठशांनी कापडावर वेलबुट्टी उमटवतात. अशा छपाईला चिनी भाषेत ‘यिनहुआ’ असाच शब्द आहे. त्यातील ‘यिन’ हे अक्षर तेच, ठसा उमटवण्याच्या अर्थाचे. ‘हुआ’ मात्र निराळे असून ते उंच आणि सम स्वरात उच्चारतात, आणि त्याचा अर्थ फूल. एक स्वर सपाट झाला की दोन देशांचे नाव बदलून छापील फुलांचे कापड होते. फुलासाठीचे हे दुसरे अक्षर मूळच्या ‘हुआ’पासूनच पुढे वेगळे झाले आहे, हे येथे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

नाव कोणी ठेवले

महाराष्ट्रात बाराव्या दिवशी बारसे होते आणि बाळाच्या कानात त्याचे नाव सांगण्याचा मान आत्याचा असतो. चीनमध्ये मूल एक महिन्याचे झाले की समारंभ करतात, आणि नाव ठेवताना आजोबांचे किंवा एखाद्या विद्वान वडीलधाऱ्याचे मत घेतात. हे मूल सोलापुरात जन्मले असते तर नुकत्याच निवर्तलेल्या आजोबांचे शांताराम हे नाव त्याला मिळण्याचा संभव होता. परंतु आत्या हजारो मैल दूर होत्या, आजोबा हयात नव्हते, आणि भोवती युद्ध चालू होते. नाव सुचवले ते त्या विभागाचे सेनापती न्ये रोंगझेन यांनी. हेच न्ये रोंगझेन १९५५ मध्ये चीनच्या दहा मार्शलांपैकी एक झाले.

सेनापतीने सुचवलेल्या या नावात घराण्यापेक्षा राष्ट्राचा विचार प्रधान आहे. वडिलांच्या नावातील ‘हुआ’ मुलाच्या नावात येऊ नये ही जुनी रूढी तेथे पाळली गेली नाही. त्या काळात अशी नावे अपवादात्मक नव्हती. माओंच्या मृत्यूनंतर चीनचे नेतृत्व करणारे हुआ क्वोफेंग यांचे मूळ नाव सु चू होते. जपानविरोधी युद्धात त्यांनी एका प्रतिकार-पथकाच्या लांबलचक नावातून ‘चीन’, ‘देश’ आणि ‘आघाडी’ या अर्थांची तीन अक्षरे वेचून स्वतःचे नवे नाव तयार केले. १९४९ नंतर जन्मलेल्या असंख्य मुलांना ‘च्येनक्वो’ म्हणजे राष्ट्रनिर्माण हे नाव मिळाले. कोरियातील युद्धाच्या काळात ‘युआनछाओ’ म्हणजे कोरियाला साहाय्य हे नाव प्रचारात आले. अशा नावांवरून माणसाच्या जन्माचे साल जवळजवळ अचूक सांगता येते. १९५० साली जन्मलेले आणि २०१३ मध्ये चीनचे उपराष्ट्रपती झालेले ली युआनछाओ यांचे नाव आरंभी याच अक्षरांनी लिहिले जात असे. पुढे त्यांनी उच्चार तोच ठेवून अक्षरे बदलली.

येथे ‘यिनहुआ’चे वेगळेपण दिसते. ‘च्येनक्वो’ हे नाव लाखोंच्या वाट्याला आले आणि त्यामुळे कोणा एकावर त्याचा भार पडला नाही. ‘यिनहुआ’ हे नाव त्या मुलाच्या रक्ताचेच वर्णन होते. आडनावासह ‘के यिनहुआ’ म्हटले की त्यात कोटणीस, भारत आणि चीन हे तिन्ही येत. अक्षरे बदलून त्यातून बाहेर पडण्याचा मार्ग त्याला नव्हता.

नावामागचे आयुष्य

९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्याने डॉ. कोटणीस यांचे निधन झाले. त्यांचे वय ३२ वर्षांचे होते आणि मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा. वडिलांची हाक त्याने ऐकली असेल, पण ती त्याच्या स्मरणात राहणे शक्य नव्हते. वडिलांकडून त्याला मिळालेल्या गोष्टींत हे नाव ही सर्वांत टिकाऊ गोष्ट होती.

त्यानंतरची काही वर्षे या नावाला अनुकूल होती. १९४६ साली व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात डॉक्टरांची भूमिका स्वतः शांताराम यांनी आणि पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली. १९५४ मध्ये भारत आणि चीन यांच्यात पंचशील करार झाला आणि बंधुत्वाच्या घोषणा दोन्ही देशांत घुमू लागल्या. ‘दिहुआ’ या नावात १९३८ सालीच आलेला बंधुत्वाचा अर्थ आता सरकारांच्या तोंडी होता. परंतु ऑक्टोबर १९६२ मध्ये सीमेवर युद्ध पेटले. दोनच महिन्यांपूर्वी यिनहुआला वीस वर्षे पूर्ण झाली होती. ज्या दोन अक्षरांनी त्याचे नाव बनले होते ती आता परस्परांच्या शत्रूंची नावे होती. वृत्तपत्रांत ती अक्षरे शेजारी शेजारी छापली जात ती युद्धाच्या बातम्यांत.

यिनहुआने वडिलांचा व्यवसाय निवडला आणि वैद्यकाचे शिक्षण घेतले. ते पुरे होण्याच्या सुमारास, १९६७ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. वडिलांना ३२ वर्षांचे आयुष्य लाभले, मुलाला तेवढेही नाही. त्याच्या आईने दीर्घायुष्य जगून २०१२ साली, ९६ व्या वर्षी, ताल्येन येथे अखेरचा श्वास घेतला. सोलापूर आणि मुंबईच्या आपल्या आप्तांशी त्यांनी नाते राखले आणि भारताला अनेकदा भेट दिली.

चिनी समजुतीप्रमाणे नाव ही आईबापांनी मुलासाठी व्यक्त केलेली इच्छा असते. ‘बळ’ नावाचा मुलगा दुर्बल निघू शकतो आणि ‘तेज’ नावाचा मंद. त्यामुळे नाव खोटे ठरत नाही, कारण ते भाकीत नसून इच्छा असते. ‘यिनहुआ’ या नावाचा विचारही असाच करावयास हवा. जी इच्छा दोन मोठ्या राष्ट्रांना टिकवता आली नाही, तिचा भार एका तान्ह्या मुलाच्या नावावर ठेवला गेला होता. ते नाव सुचवले गेले तेव्हा मात्र तिच्यात अतिशयोक्ती नव्हती. रुग्णालयात एक भारतीय डॉक्टर चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत होता आणि त्याच्या घरी त्या दोन अक्षरांचे मूल पाळण्यात होते.

आज शिजियाझुआंग येथील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत डॉक्टरांची समाधी आहे आणि तेथे ते के दिहुआ म्हणून ओळखले जातात. सोलापुरात भैय्या चौकातील त्यांच्या घरी स्मारक आहे आणि तेथे ते द्वारकानाथ कोटणीस आहेत. १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. मुलाच्या नावाचे असे स्मारक नाही. परंतु वडिलांची दोन नावे ज्या दोन देशांत विभागली गेली, त्या दोघांना एकत्र लिहिणारे नाव त्या घरात एकच होते, आणि ते मुलाचे होते.